आतड्याचा कर्करोग, पूरक औषधे आणि आपला हिरडा

जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी बांधव गोळा करीत असलेला हिरडा पुढे चूर्णाच्या वा कॅप्सूलच्या रूपाने औषधांच्या दुकानांत येतो. "वडिलांना आतड्याचा कर्करोग झाला होता, मी काय घेऊ?" असे विचारणाऱ्या रुग्णाच्या हाती तो ठेवण्याचा मोह सहज होतो. म्हणून उपलब्ध पुरावा पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पॉलिप काढलेल्या रुग्णांना रोज १ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड देऊन केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ आढळला नाही. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाने २०१५ साली निराशा केली. आनुवंशिक पॉलिपोसिसच्या ४४ रुग्णांवरील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीतील कर्क्युमिन रोज ३ ग्रॅम वर्षभर देऊनही पॉलिपांची संख्या वा आकार घटला नाही. (हळदीचे नाव निघताच आपली मान आधी डोलते, हेही खरे!)

हिरडा अनुलोमक आहे, यात वाद नाही. धोका नेमका तेथेच आहे. मलावष्टंभ सुटला की रुग्ण निश्चिंत होतो आणि मलप्रवृत्तीतील बदल हे महत्त्वाचे लक्षण झाकले जाते. रक्त पडते म्हणताच अर्श गृहीत धरणे तर त्याहून घातक.

बीजदोषाची कल्पना आपणांस नवी नाही. आईवडील वा भावंडांत हा रोग असल्यास चाळिसाव्या वर्षी, किंवा नातलगाच्या निदानाच्या वयापूर्वी १० वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुचविली जाते. पॉलिप त्याच वेळी काढता येतो. केसपेपरवर कुलवृत्ताचा रकाना असावा. विक्रेत्यांनीही रक्तस्रावाची तक्रार ऐकताच चूर्णाची पुडी बांधण्यापूर्वी रुग्णास वैद्याकडे धाडावे.