वाचकांचे प्रश्न : नवऱ्याच्या व्हिसावर जर्मनीत स्वतःचं काम करता येतं का?

प्रश्न : माझे पती ब्लू कार्डवर म्युनिकला नोकरी करतात. मी गेल्या वर्षी डिपेंडंट व्हिसावर इथे आले. पुण्यात असताना मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि पॅकेजिंगची डिझाइन्स करत असे. त्यातली काही कामं अजून सुरू आहेत, पैसे पुण्याच्या बचत खात्यात जीपेवर येतात. आता इथल्या एका छोट्या प्रकाशकाने काम देऊ केलंय, पण त्याला रीतसर बिल हवं आहे. इथल्या मराठी ग्रुपवर कुणी म्हणतं फ्रीलान्स व्हिसा काढ, कुणी म्हणतं कंपनी नोंदव, कुणी म्हणतं काहीच करू नकोस. नेमका परवाना कुठे मिळतो? — एक वाचिका, म्युनिक

उत्तर : ग्रुपवरचे तिन्ही सल्ले बाजूला ठेवा आणि पर्समधलं निवास कार्ड बाहेर काढा. त्यावर, किंवा सोबत मिळालेल्या घडीच्या जोडपत्रावर, कामाबद्दल एक ओळ छापलेली असते. ‘एर्वेर्ब्सटेटिश्काइट एरलाउब्ट’ असं लिहिलं असेल तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. जर्मन कायद्यात या शब्दाच्या पोटात नोकरीही येते आणि स्वतंत्र व्यवसायही. जोडीदाराच्या कार्डावर सहसा हीच नोंद असते, कारण मार्च २०२० पासून निवास परवाना म्हणजे कामाची मुभा असंच कायदा धरून चालतो. कायद्याने मनाई असेल तेवढंच वगळायचं. नोंदीत फक्त ‘बेशेफ्टिगुंग’ असेल, तर मात्र ती नोकरीपुरतीच परवानगी. मग आधी परदेशी नागरिक कार्यालयात जायला हवं.

फ्रीलान्स व्हिसा हा ज्याला जर्मनीत राहायला दुसरा आधार नाही त्याच्यासाठी असतो. तुम्हाला आधार आहे. तो सोडून फ्रीलान्सचा परवाना मागायचा म्हणजे मिळकतीचे अंदाज द्या, ग्राहकांची पत्रं जोडा आणि मुदतवाढीला हिशेब दाखवा. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागण्याचाच हा प्रकार.

आता उरला कर. तुम्ही ज्याला परवाना म्हणता तशी वस्तू तुमच्या कामाला जर्मनीत लागतच नाही. लागते ती फिनान्सआम्टची, म्हणजे कर कार्यालयाची, नोंद. प्राप्तिकर कायद्याच्या १८व्या कलमात ‘मुक्त व्यवसाय’ मोजून दिले आहेत : डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, पत्रकार, दुभाषे, अनुवादक, आणि त्याशिवाय कलात्मक, लेखनाचं व शिकवण्याचं काम. यांना फ्रायबेरुफलर म्हणतात. बाकीचे बहुतेक धंदे ‘गेवेर्बे’, ज्यांची नोंद नगरपालिकेच्या व्यवसाय कार्यालयात आणि करखात्यात अशी दोन्हीकडे होते. मुखपृष्ठाचं चित्रण आणि मांडणी यात तुमची स्वतःची निर्मिती असेल तर ते पहिल्या गटात बसतं. पण निर्णय फिनान्सआम्टचा, आणि तो बराचसा तुम्ही अर्जात काय लिहिता यावर होतो. तिथे ‘जाहिरात सेवा’ असं मोघम लिहू नका. मुखपृष्ठ-चित्रण, ग्राफिक डिझाइन असं स्पष्ट लिहा. पॅकेजिंगचं डिझाइन करून देणं वेगळं आणि खोकी छापून विकणं वेगळं. दुसरं करणार असाल तर ते गेवेर्बे, त्याचा हिशेब पहिल्यापासून निराळा ठेवा.

अर्ज ‘एल्स्टर’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, काम सुरू केल्यापासून एका महिन्याच्या आत. खातं चालू करण्याचा कोड टपालाने येतो (हो, टपालानेच, जर्मनीत अजून पत्रपेटीला मान आहे), म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. काही आठवड्यांनी तुम्हाला ‘श्टॉयरनुमर’ मिळेल. जर्मनीत आल्यावर मिळालेला अकरा आकडी ओळख क्रमांक तो हा नव्हे. बिलावर हा व्यवसायाचा क्रमांक घालायचा.

अर्जात दोन ठिकाणी लोक घाईत चुकतात. एक, पहिल्या वर्षाच्या नफ्याचा अंदाज. उत्साहाने मोठा आकडा टाकला की करखातं त्यावरून आगाऊ कर ठरवतं आणि तो १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर असा चार हप्त्यांत मागतं. काम आलेलं नसतं, नोटीस आलेली असते. दुसरं, छोट्या व्यावसायिकाची सवलत. मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंपेक्षा जास्त नसेल आणि चालू वर्षी ती १ लाखाच्या वर जात नसेल, तर १९ टक्के किंवा ७ टक्के विक्रीकर लावावाच लागत नाही. पहिल्या वर्षी मात्र २५,००० हीच मर्यादा धरून चाला. ही सवलत घेतली तर बिलावर तसा उल्लेख हवा. मोठा लॅपटॉप किंवा महागडं सॉफ्टवेअर घेणार असाल तर त्यावर भरलेला विक्रीकर परत मिळणार नाही, एवढाच तिचा तोटा. तुमच्या कामात तो किरकोळ आहे, सवलत घ्या.

आता पुण्याचे पैसे. हा भाग तुम्ही प्रश्नात ओझरता लिहिलाय, पण माझ्या मते खरी जोखीम इथेच आहे. काम म्युनिकमध्ये बसून केलं, तुम्ही राहता म्युनिकमध्ये, तर ती जर्मनीची मिळकत झाली. पैसे कोणत्या बँकेत पडले, रुपयांत की युरोत, याला महत्त्व नाही. इथे येऊन ज्या दिवशी पहिलं काम केलंत तोच दिवस अर्जात सुरुवातीची तारीख म्हणून लिहा. उशीर झालाय, पण आपण होऊन दिलेली उशिराची माहिती आणि खात्याने शोधून काढलेली माहिती यांत फार अंतर आहे. पती-पत्नीचं विवरणपत्र एकत्र भरत असाल तर तुमची मिळकत त्यांच्या पगारावर चढते आणि कर त्या वरच्या दराने बसतो. म्हणून आलेल्या प्रत्येक रकमेतला काही भाग वेगळा ठेवायची सवय आत्ताच लावा.

भारताकडचं थोडक्यात. परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्या, पुण्याचे पैसे त्यात येऊ द्या. अनिवासी व्यक्तीला पैसे देताना ग्राहकाने टीडीएसचा विचार करायचा असतो. भारत-जर्मनी करसंधीचा लाभ हवा असेल तर फिनान्सआम्टकडून निवासी असल्याचा दाखला घेऊन त्याला द्या. तुमचे पुण्याचे ग्राहक नोंदणीकृत व्यावसायिक असतील, तर तुमच्या बिलावर जर्मन विक्रीकर येत नाही. त्यांना तिथे रिव्हर्स चार्जने जीएसटी पाहावा लागतो. हे त्यांच्या सीएला आधी सांगा, म्हणजे वर्षअखेरीस तुम्हाला फोन येणार नाही.

आरोग्य विम्याचा मुद्दा ग्रुपवर कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण खिशाला मोठी चाट तिथेच बसते. पती सरकारी विम्यात असतील तर तुम्ही आत्ता त्यांच्या कौटुंबिक विम्यात फुकट आहात. ती सोय तुमची नियमित मासिक मिळकत ठरावीक मर्यादेत असेपर्यंतच टिकते : २०२५ मध्ये ५३५ युरो, २०२६ साठी ५६५. शिवाय स्वतंत्र व्यवसाय हे तुमचं मुख्य काम नसावं. मर्यादा ओलांडली की स्वतःचा हप्ता सुरू, आणि तो मिळकत कमी असली तरी महिन्याला अडीचशे युरोंच्या आसपास जातो. महिना सहाशे-सातशे युरो मिळवणारीला हा धंदा आतबट्ट्याचा होऊ शकतो. एकतर मर्यादेच्या आत राहा, नाहीतर ती चांगली मागे टाकेल इतकं काम धरा.

तुमच्यासारख्या कलाकारांना आणखी एक वाट आहे. ‘क्युन्स्टलरसोत्सियालकासे’ हा कलाकार-लेखकांचा सामाजिक विमा १९८३ पासून चालतो. त्यात विमा आणि पेन्शनचा निम्माच हप्ता तुम्ही भरायचा. उरलेला निम्मा कलाकारांचं काम विकत घेणाऱ्या संस्थांवरच्या आकारातून आणि केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो. म्हणजे तुमचा प्रकाशक ज्या आकाराबद्दल कुरकुरत असेल तो तुमच्यासाठीच आहे. कलेतून वर्षाला ३,९०० युरोंपेक्षा जास्त मिळकत अपेक्षित असावी लागते, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना पहिली तीन वर्षं ही अटही नाही. ग्राफिक डिझायनर त्यात बसतात. कागद भरपूर मागतात, करार आणि कामाचे नमुने जोडावे लागतात. तरी अर्ज करा. आपल्या लोकांना ही संस्था फारशी ठाऊक नाही, आणि ती ठाऊक नसण्याची किंमत दरमहा मोजावी लागते.

प्रश्न : मी श्टुटगार्टला ब्लू कार्डवर सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मुंबईतल्या मित्राच्या स्टार्टअपसाठी शनिवार-रविवारी कोडिंग करून देतो. पैसे मुंबईतच मिळतात. याला परवानगी लागते का? नाहीतर पत्नीच्या नावाने बिल काढलं तर चालेल का? — एक वाचक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही. काम तुम्ही करायचं आणि बिल पत्नीने द्यायचं हा खोटा हिशेब झाला. तो पकडला गेला तर करखातं आणि परदेशी नागरिक कार्यालय दोन्ही मागे लागतील, आणि त्यात पत्नीचंही नाव असेल.

पहिल्याचं उत्तर : लागते. ब्लू कार्ड तुम्हाला नोकरीसाठी मिळालं आहे. त्यासोबत स्वतंत्र काम करायचं तर निवास कायद्याच्या कलम २१(६) खाली परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी घ्या. मुख्य नोकरी सांभाळून केलेलं छोटं काम असेल तर ती मिळू शकते. नोकरीच्या करारातली जोडकामाची अटही वाचा, बहुतेक ठिकाणी मालकाला कळवणं बंधनकारक असतं. ग्राहक मुंबईत आहे म्हणून नियम बदलत नाही. तुम्ही बसता श्टुटगार्टला.

घाई नसेल तर दुसरा मार्ग बरा. ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनी, आणि जर्मन बी१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनीच, कायम निवास मागता येतो. तो मिळाला की कुणाला विचारायचं कारण नाही. तुमची शनिवारची संध्याकाळ मित्राच्या कोडपेक्षा जर्मनच्या वर्गात घालवलीत तर जास्त फळेल.

प्रश्न : वय ४७, कोल्हापूर. जर्मनचा अनुवादक म्हणून वीस वर्षं काम करतो. बर्लिनला जाऊन फ्रीलान्स करायचं आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच अर्ज केला तर? — एक वाचक

उत्तर : पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेण्याचा विचार सोडा. आधी राष्ट्रीय व्हिसा, तोही भारतातूनच. महाराष्ट्रातल्या अर्जदारांचं काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येतं. शुल्क ७५ युरो.

अनुवाद हा मुक्त व्यवसायांच्या यादीतच असल्याने कलम २१(५) तुम्हाला लागू होतं, ही तुमची जमेची बाजू. पण ४५ वर्षांवरच्या अर्जदाराला म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. पीएफ, पेन्शन योजना, विमा, मालमत्ता यांचे कागद मूल्यांकनासह जमवा. जर्मनीतल्या दोन-तीन ग्राहकांची, कामाचं स्वरूप आणि अंदाजे मानधन लिहिलेली पत्रं हवीत. सगळे ग्राहक भारतातले असतील तर अधिकारी विचारणारच, की मग बर्लिनला यायचं कशासाठी? त्याला उत्तर तयार नसेल तर अर्ज करू नका.

विमा ही तुमची सर्वांत मोठी अडचण. युरोपबाहेरून थेट स्वतंत्र व्यवसायासाठी येणाऱ्याला सरकारी विम्यात सहसा शिरता येत नाही. साहित्यिक अनुवाद करत असाल तर वर सांगितलेल्या कलाकार विम्याचा दरवाजा आहे. तांत्रिक कागदपत्रांच्या अनुवादकाला तो बहुधा बंद. मग खासगी विमा, आणि ४७व्या वर्षी त्याचा हप्ता जड. प्रवास विम्यावर परवान्याची मुदतवाढ होईल या भरवशावर राहू नका. शिवाय उद्योग काढणाऱ्याला तीन वर्षांत कायम निवास मिळण्याची जी सवलत कायद्यात आहे ती मुक्त व्यावसायिकाला नाही. साधारण पाच वर्षं धरा. माझं मत विचाराल तर कोल्हापुरात बसून बर्लिनचे ग्राहक वाढवा, ते तीन-चार पक्के झाले की मग अर्ज.

प्रश्न : फ्रँकफर्टच्या मराठी कुटुंबांना घरून पुरणपोळ्या आणि डबे द्यायचे आहेत. हेही फ्रीलान्समध्ये येतं का? — एक वाचिका

उत्तर : नाही, हे गेवेर्बे. व्हॉट्सॲप ग्रुपवर विकलं तरी विक्रीच. नगरपालिकेत व्यवसायाची नोंद करा, मग करखात्याचा अर्ज. अन्न हाताळणाऱ्याला आरोग्य कार्यालयाचं प्रशिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागतो, आणि घरचं स्वयंपाकघर चालेल का हे स्थानिक अन्न निरीक्षकांना आधीच विचारा; बऱ्याचदा अडतं ते इथेच. व्यवसाय कराची भीती बाळगू नका, वर्षाला २४,५०० युरोंपर्यंतच्या नफ्यावर तो लागत नाही. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची लेखी संमतीही घ्या.

जर्मनीतून प्रश्न पाठवणाऱ्या वाचकांना विनंती : निवास कार्डावरची आणि जोडपत्रावरची कामाची ओळ जशीच्या तशी लिहून पाठवा, सोबत विमा सरकारी की खासगी तेही कळवा. कार्डाचा फोटो, पासपोर्ट क्रमांक किंवा पॅन पाठवू नका. त्याची इथे गरज नाही.