शहराच्या वेशीवरील शेती का विकली जाते?

भोपाळ दि. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी झाले. १९५१ च्या जनगणनेत लाखाच्या घरात असलेली येथील वस्ती २०११ मध्ये सुमारे १८ लाखांवर गेली. कोलार व मिसरोदकडील गव्हा-हरभऱ्याच्या काळ्या जमिनीवर वसाहती उभ्या राहिल्या. शेतकरी पैशाच्या मोहाने जमीन विकतो, असे आपल्या पेढ्यांवर सहज बोलले जाते. आम्हांस हे मत अपुरे वाटते.

हिशेब व्यापाऱ्याच्याच रीतीने मांडू. समजा, एका एकरातून खर्च वजा जाता वर्षास ४० हजार रुपये सुटतात आणि त्याच एकरास कोणी ४० लाख देऊ करतो. सहा टक्क्यांनी ठेविले तरी व्याज २ लाख ४० हजार होते. म्हणजे भाव पिकाने ठरलेला नसून उद्याच्या घरांनी ठरलेला आहे. हे आपणांस कळते, तसे त्यासही कळते.

तथापि केवळ हिशेबाने कोणी वडिलोपार्जित जमीन सोडीत नाही. शेजारचे शेत विकले जाते, तेथे भराव पडतो आणि पावसाचे पाणी याच्या शेतात तुंबते. मजूर बांधकामावर जातो. जो शेवटपर्यंत थांबतो, त्याची शेती अशी आधीच निम्मी मोडलेली असते. त्यात वाटणीचा प्रश्न. २००५ च्या कायदेदुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीही जन्मतः हिस्सेदार झाल्या. पाच एकरांचे सहा तुकडे कसण्यापेक्षा रक्कम वाटणे सोपे. (त्या मुलींना विचारले होते की नुसती सही घेतली, हे खरेदीदाराने अवश्य पाहावे, पुढील दावे येथूनच उद्भवतात.)

विकणारा शेती सोडतोच असेही नाही. कित्येकजण रायसेन-विदिशेकडे त्याच रकमेत अधिक जमीन घेतात. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यास, अटी पूर्ण होत असतील तर, भांडवली नफ्यावरील प्राप्तिकरातही सूट मिळते.

या व्यवहारात ज्याचे नाव कोठेच येत नाही, तो बटाईने कसणारा. महाराष्ट्रात सातबारा, तसा येथे खसरा. त्यात मालक म्हणून याची नोंद नसते. रक्कम मालकास मिळते आणि यास पुढील हंगामापूर्वी दुसरे शेत शोधावे लागते. उभे पीक निघेपर्यंत ताबा घेणार नाही, एवढी अट इसारपावतीत घालणे आपल्यापैकी कोणासही जड नाही.