‘आत्ताची सांगू की आधीची?’

प्रश्न : माझी नात बारा वर्षांची आहे. जन्म पुण्याचा. दोन वर्षांची असताना मुलगा-सून तिला घेऊन अमेरिकेला गेले. तेव्हापासून न्यू जर्सी, ओहायो, कॅलिफोर्निया आणि आता टेक्सस. यंदा जूनमध्ये साताऱ्याला आली, तेव्हा शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, “तू कुठली गं?” ती म्हणाली, “आत्ताची सांगू की आधीची?” सगळे हसले. मला मात्र रात्री झोप लागली नाही. या मुलांना आपलं गाव का सांगता येत नाही? आणि इतकी बिऱ्हाडं का बदलावी लागतात?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं मूळ तिथेच आहे. मुलाचा व्हिसा कोणता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण संगणकाच्या कामासाठी आपल्याकडून गेलेल्या पुष्कळांची सुरुवात एच-वन-बीवर होते. हा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. आधी तीन वर्षं, मग वाढवून सहा. ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं असेल तर त्यापुढेही. नोकरी गेली की फार तर ६० दिवस हातात असतात. तेवढ्यात जिथे काम मिळेल तिथे जायचं; तिथली शाळा कशी आहे, लेकीची मैत्रीण सुटते का, हे बघायला सवड नसते. शिवाय पुष्कळ कंपन्या माणसाला ग्राहकाच्या दारी पाठवतात, म्हणजे ग्राहक बदलला की गाव बदललं. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडतो, त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची आहे. आणि मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या व्हिसावर त्याला राहता येत नाही. घरातली मोठी माणसं हे दार लावून बोलतात. पण नव्या घरात तसबिरीसाठी भिंतीला खिळा ठोकायला बाबा का नको म्हणतात, हे मुलांना बरोबर कळतं.

आता नातीचं उत्तर. आपल्याकडे चौथीला शिवछत्रपती असतात, आणि साताऱ्याच्या पोराला तर मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. अमेरिकेतली शाळाही मुलांना असंच आपापल्या राज्याशी जोडते. कॅलिफोर्नियात चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास : स्पॅनिश पाद्र्यांनी बांधलेली मिशनं, १८४८ मध्ये सापडलेलं सोनं. टेक्ससमध्ये चौथीला आणि पुन्हा सातवीला टेक्ससचा : १८३६ ची आलामोची लढाई. तुमची नात चौथीला कॅलिफोर्नियात असेल, तर सोन्यामागे धावलेली माणसं तिने एकदा ‘आपली’ मानून झाली आहेत. येत्या वर्षी आलामोतली माणसं आपली म्हणायची. वर्गातल्या इतरांची त्यांच्याशी तीन वर्षांपूर्वीच ओळख झालेली असणार, हिची व्हायची आहे. तरीही ती “आत्ताची की आधीची” असं विचारते, एकही गाव टाकून देत नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

आपल्या आडनावांकडेही जरा बघा. सातारा न सोडता सहसा कुणी सातारकर होत नाही. गावात तर सगळे तिथलेच, मग ते सांगणार कोणाला? माणूस गाव सोडतो, परगावी लोक विचारतात, तेव्हा गावाच्या नावाला ‘कर’ लागतो. म्हणजे पुष्कळ ‘करां’च्या घरी कधीतरी कुणी काकू तुमच्या नातीला विचारला तोच प्रश्न विचारून गेल्या आहेत. फरक इतकाच, की ते घराणं एकदा निघालं आणि स्थिरावलं. नातीला किती ‘कर’ लावायचे?

रूथ हिल यूसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात मुलांना घेऊन भारतात राहिल्या होत्या. परदेशात वाढणारी मुलं ना घरच्या रीतीत पुरती बसतात, ना बाहेरच्या. त्यांचं तिसरंच जग तयार होतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ‘तिसऱ्या संस्कृतीतली मुलं’ हे नाव रूढ झालं. पण इथे आलेले ते अमेरिकी बहुतेक करून परत जाणारे होते. तुमच्या मुलाच्या घरी परतीचंही ठरलेलं नाही आणि राहण्याचंही. मुलांना जड जातं ते हेच.

तुमची झोप उडाली त्याबद्दलही लिहितो. शिगेहिरो ओइशी आणि उलरिक शिमॅक या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सात हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी वारंवार घरं बदललेल्यांपैकी जे स्वभावाने अबोल होते, ते मोठेपणी कमी समाधानी आढळले. बोलक्या माणसांत तसा संबंध दिसला नाही. अबोल माणसांची जवळची, टिकलेली नाती कमी होती, हे त्यामागचं मोठं कारण. हा अभ्यास खास स्थलांतरितांचा नव्हे, तरी मला तो पटतो. घर बदललं की मुलाला आधीपासून ओळखणारं माणूस मागे राहतं. नव्या वर्गात कोणालाच माहीत नसतं, की हिचा पुढचा दात कुठे पडला, ही कशाला घाबरायची.

तुम्हाला ते माहीत आहे. चारही राज्यांतून ती तुमच्याशी फोनवर बोलली आहे. म्हणून पुढच्या फोनवर “अभ्यास कसा चाललाय” याच्याआधी “ओहायोतल्या त्या मैत्रिणीचं काही कळलं का गं?” असं विचारा, मैत्रिणीचं नाव घेऊन. नाव विसरला असाल तर तिलाच विचारून वहीत टिपून ठेवा. ती अबोल असेल तर पहिल्यांदा फार बोलणार नाही, पुन्हा विचारा. आणि त्या काकूंना सांगा, पुढच्या सुट्टीत तिला आत्ताचीही विचारा आणि आधीचीही, पण चहा टाकून, निवांत बसून.