वजन घटवा, पण उतारा राखा



या पानावर आम्ही दर वेळी लागण, खोडवा, खतांचे हप्ते आणि हुमणी यांवर लिहितो. या अंकात ऊस जरा बाजूला ठेवून ऊस लावणाऱ्या माणसावर लिहायचे ठरविले आहे. त्याला कारण घडले. गेल्या वर्षी आपल्या गट ऑफिसांवर सभासदांची आरोग्य तपासणी झाली. माणसे गोळा करण्याचे काम आमच्या विभागाकडे होते. पहिला नंबर कोणी लावायचा म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, तेव्हा नर्सबाईंनी टेप काढली आणि आमच्याच पोटाला लावली. १०१ सेंटिमीटर! वजन ८३ किलो, उपाशीपोटी साखर ११८. आमचे वय ४७. साखर १०० च्या आत असावी लागते आणि १२६ ला मधुमेह धरतात. म्हणजे आम्ही बांधावर उभे होतो, कुठल्या बाजूला पडायचे एवढेच बाकी होते. त्या दिवशी तपासलेल्या सभासदांत आमच्यासारखे बरेच निघाले. काही जण तर बांध ओलांडून गेलेले, आणि त्यांना पत्ताच नाही.

“साहेब, शेतकऱ्याला कसली आली साखर? ती शहरातल्या लोकांना,” असे एक आबा म्हणाले. पूर्वी हे बरेचसे खरे होते. पण आपण आता कोणती शेतकी करतो ते बघा. रात्री कंदील घेऊन दारे धरायला जाणारा माणूस किती चालत होता, किती वाकत होता, किती फावडी माती ओढत होता! आता ठिबक आहे, मोटार मोबाईलवरून चालू होते. नांगरट, सरी, बांधणी ट्रॅक्टरने. ऊस तोडायला टोळी. आपण फटफटीवरून फडापर्यंत जातो, बांधावर बसून मुकादमाशी बोलतो, चहा मागवतो आणि परत येतो. तोडणीवाला वाळलेला असतो आणि मालकाचे पोट पुढे आलेले असते, हे आपल्या डोळ्यांसमोर रोज दिसते. काम गेले, पण ताट तेच राहिले. उलट ताटात भर पडली. फरसाण, खारी, बेकरीची बिस्किटे, बारसे-वास्तुशांतीची जेवणे. त्यात थ्री फेज लाईट रात्रीची. झोपेचे तीन तुकडे होतात. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, ही गोष्ट आता सिद्ध झालेली आहे.

“पण मी कुठे जाड आहे? हात बघा, पाय बघा!” हे दुसरे उत्तर. त्यासाठी पुण्याचे एक उदाहरण सांगतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातील चरबी मोजली तर युडकिन यांची सुमारे ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के! आपल्या लोकांच्या अंगाची ठेवणच अशी, की हातपाय बारीक राहतात आणि चरबी पोटात साठते. म्हणून आपल्यासाठी पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर ही मर्यादा ठरविली आहे. टेप बरगडीची खालची कड आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध लावायची. पायजम्याची नाडी जिथे बांधतो तिथे नव्हे. पोट सुटलेल्या माणसाची नाडी पोटाखाली गेलेली असते आणि तो वीस वर्षे “माझे माप तेच आहे” असे म्हणत राहतो. वजनाचे म्हणाल तर साडेपाच फूट उंचीच्या माणसाने ६५ किलोपुढे सावध व्हावे आणि ७० पुढे स्थूल समजावे.

आता मुख्य मुद्दा. शिबिरानंतर आमच्या एका गटातील एका अण्णांनी वजन उतरविण्याचा ध्यास घेतला. वय ६४. सकाळी कारल्याचा रस, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री नुसते ताक. तीन महिन्यांत ११ किलो कमी. गावात नाव झाले, लोक विचारायला येऊ लागले. चौथ्या महिन्यात दंड ओलांडताना पाय उचलला नाही, आडवे पडले आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. आज ते काठीवर आहेत, आणि त्या हंगामातला त्यांचा खोडवा बघायला कोणी नसल्याने तणात गेला तो वेगळाच. आम्हाला याची रुखरुख आहे. कारण शिबिरात “अण्णा, वजन कमी करा” एवढेच सांगून आम्ही मोकळे झालो होतो. कसे करा, ते सांगितले नव्हते.

ऊस पिकविणाऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. २६५ चे टनेज डोळ्यांत भरते, पण साखर आयुक्तांच्या अहवालात उतारा बघतात. तसे माणसाच्या वजनात दोन माल असतात: चरबी आणि मांस. मांस म्हणजे स्नायू. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू ३ ते ८ टक्के घटतात आणि साठीपुढे हा वेग वाढतो. जेवणातून आलेली साखर खेचून घेणारे मोठे गोदाम म्हणजे हे स्नायूच. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरविले की चरबीबरोबर गोदामही मोडीत निघते. काट्यावर आकडा कमी दिसतो, पण उतारा गेलेला असतो. पुढे खाणे पूर्ववत झाले की वजन परत येते, तेव्हा चरबी आधी येते. गेलेले स्नायू तितके परत येत नाहीत. म्हणून पन्नाशीपुढे आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरवायची घाई करू नये. आणि काही न करताच वजन घटू लागले तर खूश न होता डॉक्टर गाठावा.

काटा हलला नाही तरी निराश होऊ नये, हेही सांगायला हवे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी आमच्यासारख्याच बांधावर उभ्या असलेल्या ५३१ लोकांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी शेकडा ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणे आणि मोजके खाणे नेमाने करून घेतले, त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा ३९. गंमत म्हणजे त्या लोकांचे वजन फारसे उतरलेच नव्हते!

खाण्यात पहिली गोष्ट साखर. कारखान्याच्या अंकात हे लिहिताना संपादकांनी आमच्याकडे चष्म्यावरून पाहिले. पण हिशेब तर मांडू या. पाच माणसांच्या घरात महिन्याला ८ किलो साखर संपत असेल तर माणशी रोज ५३ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली वरची मर्यादा साधारण ५० ग्रॅम आणि त्यातही २५ च्या आत राहिल्यास उत्तम. त्यात बिस्किट, सरबत, जिलेबी हे सगळे धरायचे. म्हणजे त्या घराला चार किलोपेक्षा कमीच साखर पुरायला हवी. सवलतीची साखर जरूर उचला, तो आपला हक्क आहे. पण आणली म्हणून संपविलीच पाहिजे असे नाही. आपल्या साखरेला गिऱ्हाईक पुष्कळ आहे, शिवाय इथेनॉल आहे. सभासदाच्या पोटावर कारखाना चालत नाही. गुळाबद्दल दरवेळी विचारतात. गूळ चवीला चांगला, पण उष्मांक साखरेएवढेच आणि रक्तातली साखरही तो तशीच वाढवितो. आम्ही स्वतः दिवसाचे आठ चहा घेत होतो. फडावर कोणाला नाही म्हणता येत नाही. आता तीन घेतो, बिनसाखरेचे. पहिले पंधरा दिवस तोंड वाकडे झाले. आता गोड चहाच घशाखाली उतरत नाही.

दुसरी गोष्ट प्रथिने. आपल्या ताटात ती कमी पडतात. ७० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७० ग्रॅम लागतात. एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ७, कपभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात ७ च्या आसपास. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात १० असतात, म्हणजे भाकरी काही नुसता पिष्टमय माल नव्हे. तीन भाकरी आणि पाण्यासारखी आमटी, याऐवजी दीड भाकरी, घट्ट पिठले किंवा मटकीची उसळ, कांदा-मुळा-मेथीची जुडी आणि ताक असे ताट करावे. पोट भरते, ताकदही राहते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

उपवासाचे काय? साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर रताळे, हा प्रकार वजनाला उपयोगी नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी! डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवणाची पद्धत आपल्या भागात बरेच जण पाळतात. काहींना गुण आलेला आम्ही पाहिला आहे. पण ५५ मिनिटांत जेवायचे हे सर्वांच्या लक्षात राहिले आणि ४५ मिनिटे चालायचे हे विसरले. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण चुकवूच नये. साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली की ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी. अशा सभासदांनी फडावर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. तिथे आपला माल औषध आहे.

चालण्यासाठी गावात बाग नाही ही तक्रार आम्ही मानत नाही. एक एकराचा चौकोनी तुकडा असेल तर त्याच्या चारी बांधांची फेरी साधारण २५५ मीटर भरते. चार फेऱ्यांत एक किलोमीटर. अर्ध्या तासात बारा फेऱ्या होतात, आठवड्यातून पाच दिवस एवढे पुरे. मात्र उजाडल्यावर जावे, बूट घालावेत; पाचटात घोणस असते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. गुडघे दुखत असतील तर बांध सोडून सपाट रस्ता धरावा. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली केली तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत, ताकदीचे काम आठवड्यातून दोनदा तरी हवे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठाबस करावी. पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरून दोन्ही हातांनी उचलावे. भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे, याने तोल सुधारतो. युरियाचे पोते ५० चे ४५ किलो झाले म्हणून साठीच्या माणसाने ते एकदम पाठीवर घेऊ नये. खुरपे, फावडे मात्र सोडू नये. नांग्या भरायला गड्याबरोबर स्वतः वाकावे.

भगिनींसाठी दोन शब्द. पाळी थांबल्यानंतर बाईची चरबीही पोटाकडे वळते आणि हाडे ठिसूळ होतात. घरात शेवटी जेवणारी बाई उरलेला भात आणि भाकरी संपविते; उसळ आणि अंडे तोपर्यंत संपलेले असते. भात वाया जाऊ नये म्हणून तो आपल्या पोटात टाकायचा, ही काटकसर महागात पडते. घरातील कर्त्या पुरुषांनी भांडे रिकामे करण्यापूर्वी मागे कोण जेवायचे आहे ते बघावे.

आमचे स्वतःचे म्हणाल तर सात महिन्यांत वजन ८३ वरून ७८ वर आले, घेर ९५, साखर १०६. दिवाळीत दोन किलो परत चढले होते, ते उतरायला जानेवारी उजाडला. शिपायाने हिशेब ठेवला आहे, आम्हाला लपविता येत नाही. प्रत्येक गट ऑफिसात आता वजनकाटा आणि टेप ठेवली आहे. उसाची नोंद द्यायला किंवा खताची चिठ्ठी न्यायला याल तेव्हा घेर मोजून वहीत लिहून जावे, तारीख घालावी. काठीवरचे अण्णा दर सोमवारी येतात, खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवितात. गेल्या सोमवारी चार वेळा उठले.

– ऊस विकास अधिकारी