वाळूचा धंदा : चार ब्रास घेतली, विकायला भरली सव्वातीन!



बिल्डिंग मटेरियलचं दुकान टाकायचं म्हटलं की बहुतेक जण सिमेंटची एजन्सी शोधतात. पण नवीन माणसाचा खरा तोटा होतो तो वाळूत. कारण सिमेंटची गोणी 50 किलोची असते, वाळू मात्र ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट.

ओली वाळू फुगते

वाळू थोडी ओलसर असली की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण लांब सरकतात आणि ढीग फुगतो. ही फूग 20-25 टक्क्यांपर्यंत सहज जाते.

आता हिशोब करा (भाव उदाहरणासाठी धरलाय):
- 4 ब्रास ओली वाळू × 5,000 = 20,000 रुपये खरेदी
- 25 टक्के फूग गेल्यावर खरी वाळू = 3.2 ब्रास
- 3.2 × 5,600 = 17,920 रुपये विक्री

तुम्हाला वाटलं ब्रासमागे 600 सुटले. प्रत्यक्षात 2,080 रुपये खिशातून गेले!

डब्याची चाचणी

सरळ बाजूच्या डब्यात 20 सेंमी ओली वाळू सैल भरा. वाळू पूर्ण बुडेल एवढं पाणी ओता, हलवा, बसू द्या. वाळू 16 सेंमीवर आली, तर 4 भागिले 16, म्हणजे 25 टक्के फूग. भाव त्यानंतरच ठरवा.

धोरणावर लक्ष ठेवा

1 मे 2023 ला राज्यातलं पहिलं सरकारी वाळू विक्री केंद्र आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला सुरू झालं. भाव 600 रुपये ब्रास, वाहतूक वेगळी. 2025 च्या धोरणात डेपो पद्धत गेली, लिलाव परत आले. त्याच वर्षी एम-सँडची रॉयल्टी सवलतीत 600 वरून 200 रुपये ब्रास झाली. म्हणजे फक्त प्रवरा-गोदावरीच्या वाळूवर दुकान उभं करू नका, क्रश सँडही ठेवा. पण क्रशरची साधी डस्ट क्रश सँड म्हणून विकू नका. गवंडी एकदा फसला की परत येत नाही.

आणि वाहतूक पास नसलेली गाडी कितीही स्वस्त असो, खाली करून घेऊ नका.

आजचं काम : जवळच्या तीन सप्लायर्सकडून वाळू आणा, डब्याची चाचणी करा आणि प्रत्येकाचा खरा भाव वहीत लिहा. स्वस्त कोण, ते आपोआप कळेल.