भाड्यातून हप्ता फिटेल का?

प्रश्न : मी नुकताच पदवीधर होऊन नोकरीला लागलो आहे. लोणावळ्यात 40 लाखांचा फ्लॅट कर्जाने घेऊन भाड्याने दिला, तर भाड्यातूनच हप्ता फिटेल, असे मित्र म्हणतात. घेऊ का?
– एक वाचक, वडगाव मावळ

उत्तर : तुमची उमेद योग्य आहे, मित्रांचा हिशेब मात्र चुकतो. एवढ्या घरावर बँक जास्तीत जास्त 32 लाख देईल. उरलेले 8 लाख आणि मुद्रांक शुल्क तुमचे. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी हप्ता सुमारे 27,800 रुपये होतो. वर्षाला किमतीच्या तीन टक्के भाडे धरले, तर महिन्याला 10,000 रुपयेच येतात. पर्यटकांकडून जास्त मिळेल, हे खरे; पण पावसाळ्यातली गर्दी बारमाही नसते आणि देखभालीचा खर्च थांबत नाही. शिवाय सोसायटीचे नियम आडवे येऊ शकतात. त्यापेक्षा एमआयडीसी आणि लोकलमुळे तळेगावात नोकरदार भाडेकरू मिळणे सोपे.

म्हणून आधी स्वतःचा वाटा आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांची गंगाजळी साठवा. तोवर शेअर बाजारातील रीटचे (भाड्याच्या मालमत्तांत पैसे गुंतवणाऱ्या न्यासाचे) थोडे युनिट घेऊन भाड्याच्या उत्पन्नाचा अनुभव घेता येईल. नव्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी तपासा. शेतकरी नसाल, तर ‘स्वस्त’ शेतजमिनीच्या मोहात पडू नका. कायद्याने ती सहसा घेता येत नाही. भाडेकरार नोंदवाच, 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे. पगारातून हप्ता झेपेल, तेव्हाच घर घ्या.