अभ्यासाला भिऊ नकोस, शब्बाथ सोडू नकोस

ठाणे

चि. भाचीस,


तुझं पत्र पोचलं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात तोरा एका हातची नाही, निरनिराळ्या काळच्या लेखनांतून ती जुळत गेली, असं शिकवलं. तेव्हापासून सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, उघडलं की मन अडखळतं, असं तू लिहितेस. ‘मामा, हे खरं असेल तर मी शब्बाथ का पाळू?’ या प्रश्नाला ‘तिकडे लक्ष देऊ नकोस’ असं उत्तर देणं म्हणजे तुझ्या बुद्धीचा आणि आपल्या धर्माचाही अपमान. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाक. हे प्रश्न परक्यांनी आपल्यावर लादलेले नाहीत. मोशेच्या मृत्यूची हकिकत मोशेनेच कशी लिहिली, हा पेच तालमूदमध्येच आहे. तोरेची शेवटची आठ वचनं येहोशुआने लिहिली, असं एक मत तिथे नोंदलेलं आहे. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात ‘त्या काळी’ देशात कनानी राहत होते असा उल्लेख येतो. पण मोशेच्या हयातीतही ते तिथेच होते, मग ‘त्या काळी’ कसं? बाराव्या शतकातल्या भाष्यकार इब्न एझ्राने इथे काही गुपित असल्याचं सुचवलं आणि ज्याला ते उमगेल त्याने गप्प राहावं, असा सल्ला दिला. अशा खुणा शतकानुशतकं गोळा होत गेल्या. १८७८ मध्ये जर्मनीत युलिउस वेलहाउझेनने त्यांवरून चार मूळ लेखनांचा सिद्धांत ठामपणे मांडला.

त्यावर श्रद्धावंत ज्यूंनी काय केलं, तेही वाच. पूर्वी फ्लोरेन्सला रब्बी असलेले उम्बेर्तो कासुतो १९३९ मध्ये तुझ्याच विद्यापीठात प्राध्यापक झाले. भाषेचा आणि रचनेचा बारीक अभ्यास करून त्यांनी या सिद्धांताला विरोध केला. जेरुसलेमचेच रब्बी मोर्देखाय ब्रॉयर यांनी उलट वाट धरली. तोरेत वेगवेगळे आवाज आहेत हे त्यांनी मान्य केलं, मात्र ते सगळे आवाज एकाच देवाचे आहेत, असं म्हटलं. दोघांनीही प्रश्नाकडे पाठ फिरवली नाही.

दहा आज्ञांमधला शब्बाथच घे. निर्गम ग्रंथात त्याचं कारण सृष्टीची निर्मिती: सहा दिवस काम करून देव सातव्या दिवशी थांबला. अनुवाद ग्रंथात कारण वेगळं: तू मिसरात गुलाम होतास, म्हणून तुझ्या चाकरांनाही विसावा मिळू दे. वर्गात सांगतील की ही दोन लेखनं आहेत. आपले रब्बी म्हणाले की देवाने दोन्ही एकाच उच्चारात सांगितलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी आपण लेखा दोदी हे गीत म्हणतो त्यात तीच कल्पना आहे. फरक अभ्यासकांना आणि रब्बींना, दोघांनाही दिसला होता. अभ्यासक तो सुटा करून दाखवतो, भक्त दोन्ही कारणं एका दिवशी पाळतो. नोकराला सुट्टी न देता केलेला किद्दूश, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधीचा द्राक्षरसावरचा आशीर्वाद, अपुरा आहे, हे मला या फरकानेच शिकवलं.

काही पेच मात्र असे सुटत नाहीत. मिसरातून सहा लाख पुरुष निघाले असं तोरा सांगते, पण सिनाईत एवढ्या समुदायाच्या खुणा सापडलेल्या नाहीत. आणि संपूर्ण तोरा मोशेला देवाकडून मिळाली, हे मध्ययुगीन पंडित रामबामच्या तेरा तत्त्वांपैकी आठवं तत्त्व आहे. इथे घाईने तडजोड करू नकोस. पण त्याच रामबामने असंही लिहिलं आहे की जग अनादी आहे हे निर्विवाद सिद्ध झालं असतं, तर शास्त्रवचनांचा अर्थ तसा लावणं त्याला अवघड नव्हतं. सत्याला घाबरणाऱ्या माणसाचं हे लेखन नव्हे.

आता आपल्या घरचं. कोकणात नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले, अशी आपली परंपरा. इतिहासकार तिचा लेखी पुरावा मागतात आणि तो आपल्यापाशी नाही. पण शनवारी घाणा बंद ठेवणारे, मुलांची सुंता करणारे, खवले नसलेली मासळी न खाणारे आणि शेमाची प्रार्थना तोंडपाठ म्हणणारे लोक कोकणात होते, म्हणून तर शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या हाती सेफेर तोरा, म्हणजे तोरेची हस्तलिखित गुंडाळी, नव्हती. त्यांची निष्ठा आज्ञेशी होती. ती कोणत्या शतकात लिहिली गेली, या माहितीवर टांगलेली नव्हती. तू त्यांची नात आहेस. तोरा केव्हा लिहिली गेली हा एक प्रश्न आणि ती माझ्याकडून काय मागते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बदललं तरी दुसरा तुला सोडत नाही.

अभ्यास फक्त हिरावून घेत नाही. इस्राएल म्युझियममध्ये जा आणि जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोमला १९७९ मध्ये सापडलेली चांदीची दोन चिमुकली भेंडोळी पाहा. सुमारे २६०० वर्षांपूर्वीची, मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्यांहूनही कित्येक शतकं जुनी. त्यांवर कोहेनांच्या, म्हणजे याजकांच्या, आशीर्वादातले शब्द कोरलेले आहेत. शुक्रवारी तुझ्या डोक्यावर हात ठेवून तुझी आई जे म्हणत असे, तेच. ही ओळख उत्खननानेच करून दिली.

म्हणून सांगतो. हिब्रूचं व्याकरण पक्कं कर. वेलहाउझेनबरोबर राशी आणि इब्न एझ्रा हे आपले भाष्यकारही वाच. परीक्षेत श्रद्धेची ढाल पुढे करू नकोस, आणि सिनेगॉगमध्ये अर्ध्या ज्ञानाने म्हाताऱ्यांना दुखवू नकोस. देवाच्या बचावासाठी लंगडा युक्तिवाद कधीही करू नकोस. देवाला त्याची गरज नाही. उत्तर मिळालं नाही तर प्रश्न वहीत लिहून ठेव. पण ते मिळेपर्यंत शब्बाथच्या मेणबत्त्या लावायचं थांबवू नकोस. येत्या शुक्रवारी एखाद्या मैत्रिणीला जेवायला बोलाव, किद्दूश कर, आणि रविवारी वर्गात पहिल्या बाकावर बस.

तुझा,
मामा